निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर राहणे : खर्च आणि व्यवहार यांविषयी माहिती हवी

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी,

पुढच्या मार्चमध्ये मी वीज कंपनीतून निवृत्त होत असून पत्नी गेल्या वर्षीच माध्यमिक शाळेतून निवृत्त झाली आहे. मुलगी पुण्यात तिच्या संसारात रमली आहे, जळगावात स्वतःचे घर आहे, डोक्यावर कर्ज नाही, आणि पत्नीचे निवृत्तिवेतन व माझ्या निधीवरचे व्याज धरून दरमहा ८५ ते ९० हजार रुपये हाती येतील असा अंदाज आहे. याशिवाय ३५ लाखांपर्यंतची रक्कम आम्ही बाजूला काढू शकतो. मोघम उत्तरे मिळू नयेत म्हणून हे आकडे आधीच मांडत आहे.

वर्षातला बराचसा काळ एखाद्या शिडाच्या बोटीवर राहावे, असा विचार आम्ही दोघे पुष्कळ दिवसांपासून करीत आहोत. नातेवाइकांत हा विषय काढला की, रेल्वेने तापीचा पूल ओलांडताना नाणे टाकण्यापलीकडे आपल्या माणसांचा पाण्याशी संबंध काय, असे ऐकावे लागते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून या विषयावरचे मिळेल ते मी वाचत आलो आहे, परंतु नौदलाच्या पाठबळावर झालेली सफर आणि निवृत्तिवेतनावर चालवायचा संसार यांचे गणित एक नसते, याची मला कल्पना आहे.

दोन माणसांना बेताने राहता येईल अशी जुनी बोट कितीपर्यंत मिळते, आणि मुख्य म्हणजे घेतल्यानंतर दर वर्षी तिच्यावर किती खर्च होतो, हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्याला रस्त्याने सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा, म्हणून बोट तिकडे ठेवता येईल का, की मुंबईच बरी? तोवर सरावासाठी हतनूर किंवा उकाई धरणाच्या फुगवट्याचे पाणी उपयोगी पडेल का? आणि घर विकून ती रक्कम यात घालावी का, याबद्दल आमच्यात एकमत नाही. पत्नीचा त्याला स्पष्ट विरोध आहे. तिचे गुडघेही अधूनमधून दुखतात, तेव्हा रोजच्या वावराचाही विचार करावा लागेल. वीज, पाणी आणि स्वयंपाक यांची व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

इंजिनरूम, भुसावळ

गिरणाकाठ भाऊ, माझी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि निवृत्तीनंतर एका मित्राच्या ३६ फुटी शिडाच्या बोटीची देखभाल मी मुंबईत काही हंगाम केली. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

सुरतेचा विचार सोडून द्यावा. एके काळी खानदेशचा माल त्याच बंदरातून बाहेर जात असे हे खरे, परंतु खंबातचे आखात उत्तरेकडे निमुळते होत गेल्यामुळे भरतीचे पाणी आत शिरता शिरता चढत जाते आणि उधाणाच्या दिवशी भावनगरजवळ भरती व ओहोटी यांतला फरक १० मीटरच्या घरात पोहोचतो. प्रवाह अतिशय जोराचे, तळ गाळाचा आणि तोही सरकता. जिच्या बुडाखाली दीड-दोन मीटर खोल कील, म्हणजे बोट उलटू न देणारा वजनदार कणा, आहे अशी बोट तिथे नांगरून शांत झोप लागणे कठीण आहे.

मुंबईत गेटवेसमोर ज्या बोटी दिसतात, त्या समुद्रतळाशी टाकलेल्या वजनाला जोडलेल्या तरंगत्या बोयांना बांधलेल्या असतात. धक्क्याला बोट लावावी, तिथूनच वीज आणि पाणी घ्यावे आणि चालत किनाऱ्यावर उतरावे, अशा मरीनाच्या घोषणा मुंबईत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तोवर भाजी आणायची असो की डॉक्टरकडे जायचे असो, प्रत्येक वेळी छोट्या होडीतून ये-जा करावी लागते, पिण्याचे पाणी कॅनमधून चढवावे लागते, आणि शेजारून जाणाऱ्या लाँचच्या लाटांनी बोट दिवसभर हेलकावत राहते. शिवाय मे संपण्याच्या आत बहुतेक बोटी पाण्याबाहेर काढल्या जातात आणि पावसाळा ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरमध्ये, पुन्हा उतरवल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यासही बंदी असते; ज्या दिवसांत कोळीबांधव समुद्रात जात नाहीत, त्या दिवसांत आपण उघड्या किनाऱ्यावर बोटीत राहण्याचा हट्ट धरू नये. भारतात सोयीची म्हणावी अशी मरीना कोचीच्या बोळगट्टी बेटावर आहे. बंदर आतल्या बाजूला असल्यामुळे तिथे आसरा चांगला मिळतो, मात्र पावसाळ्यात बंद केबिनमधली दमट हवा आणि बुरशी यांची तयारी ठेवावी लागते.

आता पैशांविषयी. फायबरग्लासची, १९८० ते १९९५ या काळात बांधलेली ३२ ते ३६ फुटी बोट परदेशी बाजारात २० ते ३० लाख रुपयांत मिळू शकते, आणि तेवढ्याच लांबीच्या नव्या बोटीला दीड-दोन कोटी सहज लागतात. परंतु खरेदीची किंमत हा या व्यवहारातला सोपा भाग आहे. बोटीच्या किमतीच्या १० टक्के रक्कम दर वर्षी देखभालीला लागते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे, आणि जुन्या बोटीच्या बाबतीत तो फसवा ठरतो, कारण नवे शीड, नवी साखळी किंवा नवे इंजिन बोट जुनी आहे म्हणून स्वस्त मिळत नाही. ३४ फुटी बोटीची डोलकाठी धरून ठेवणाऱ्या सगळ्या तारा बदलायच्या म्हटल्या तर ४ ते ६ लाख रुपये जातात, आणि या तारा १० ते १५ वर्षांच्या झाल्या की पुष्कळ विमा कंपन्या त्या बदलल्याचा पुरावा मागतात. विकणारा ‘शिडे चांगली आहेत’ असे म्हणतो, त्या वेळी ती किती वर्षे उन्हात होती हे विचारावे. कापड डोळ्यांना धडधाकट दिसते आणि शिवणीचा दोरा मात्र नखाने ओढला की तुटतो.

इंजिन हा माझा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या बोटींत साधारण २० ते ४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असते आणि ते समुद्राच्या पाण्याने थंड होते. इंजिन सुरू केल्याबरोबर बोटीच्या मागच्या टोकाशी जाऊन वाकून पाहावे, एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी थुंकल्यासारखे बाहेर पडले पाहिजे. ते दिसले नाही तर तत्काळ इंजिन बंद करावे, कारण एक तर पाण्याचा कॉक उघडायचा राहिला असेल, गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, किंवा पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती तुटली असतील. इम्पेलर अगदी किरकोळ किमतीचा असतो, पण तो वेळेवर न बदलल्यामुळे तापून निकामी झालेली इंजिने मी पाहिली आहेत. प्रॉपेलरचा दांडा बुडातून बाहेर जातो तिथले जुन्या पद्धतीचे पॅकिंग दांडा फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब गळलेच पाहिजे. ते गळू नये म्हणून आवळून टाकणारा नवखा माणूस दांडाच झिजवतो. ही कामे स्वतः करणाऱ्याचा वर्षाचा खर्च, प्रत्येक वेळी मिस्त्री बोलावणाऱ्याच्या निम्म्यावर राहतो. आपण वीज कंपनीतले असल्यामुळे बोटीतल्या वायरिंगचे आपल्याला भय वाटणार नाही, आणि जुन्या बोटीतल्या निम्म्या तक्रारी खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या जोडांमुळेच असतात.

हतनूरमध्ये गाळ किती साचला आहे हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. कीलची बोट तिथे नेण्यात अर्थ नाही. डिंगीवर, म्हणजे शिडाच्या लहान उघड्या होडीवर, वाऱ्याचा सराव होऊ शकतो, पण त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि शिकवणारे कोणी जवळपास नाही. त्यापेक्षा हैदराबादला हुसेनसागरावर किंवा मुंबई-गोव्यात रीतसर शिकावे.

हिशेबनीस, अमळनेर

इंजिनरूम नानांनी तांत्रिक बाजू पुरेशी मांडली आहे, म्हणून मी करांबद्दलच लिहितो. ‘परदेशात स्वस्त घेऊ आणि भारतात आणू’ असा बेत अनेक जण करतात. तो कागदावर मांडून पाहावा.

विहाराच्या बोटींच्या आयातीवर सीमाशुल्क आणि त्यावरचे उपकर मिळून सुमारे २७.५ टक्के आकारणी होते, आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा बोटींसाठी ४० टक्के झाला आहे. म्हणजे ३० लाखांची बोट सीमाशुल्कासह ३८ लाख २५ हजारांवर जाते, त्यावर ४० टक्के लागून ती ५३ लाख ५५ हजारांची होते, आणि वाहतूक, विमा व मधल्या लोकांचे पैसे यात धरलेले नाहीत. आपल्या ३५ लाखांत हे बसत नाही, एवढे उघड आहे.

बोट बाहेरच ठेवायची असेल, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पाठवावे लागतील. तिची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे मर्यादा आपल्याला आड येणार नाही. आड येईल ती उगमस्थानी होणारी करवसुली. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक अशा कामासाठी २० टक्के कर आगाऊ कापून घेते. पती-पत्नींनी आपापल्या खात्यांतून १५-१५ लाख पाठवले तर प्रत्येकाच्या ५ लाखांवर १ लाख याप्रमाणे दोघांचे २ लाख अडकतील. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर देय करातून वजा होतात किंवा परत मिळतात, परंतु तोपर्यंत ते आपल्या हातात नसतात आणि बोट घेताना नेमकी तेव्हाच रोकड लागते. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत रक्कम विभागली तर हा भार आणखी कमी होतो.

खरेदीखत मूळ प्रतीत घ्यावे, जुनी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला घ्यावा आणि बोटीवर कोणाचे कर्ज किंवा मरीनाची थकबाकी नाही याची लेखी खात्री करून घ्यावी. वहिनींच्या निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीनेही देता येतो, तरी आधार आणि मोबाइल क्रमांक यांची जोडणी निघण्यापूर्वी तपासून घ्यावी.

घर विकू नये. यात मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूचा आहे. बोटीची किंमत दर वर्षी घटते आणि संकटाच्या वेळी ती महिनोन्‌महिने विकली जात नाही.

पांझरामाय, धुळे (सध्या लंकावी)

वरची चर्चा वाचून लिहावेसे वाटले, कारण आम्ही उभयता ऑक्टोबर ते मे या काळात मलेशियातल्या लंकावी बेटाजवळ आमच्या ३४ फुटी बोटीवर राहतो आणि पावसाळ्याचे महिने धुळ्याच्या घरी काढतो. इंजिनरूम नानांनी म्हटले तसे खर्चाचे कोडे बोट कुठे ठेवायची यावरच सुटते. हे बेट विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की चक्रीवादळांचा पट्टा त्याच्या उत्तरेला राहतो, आणि बेट करमुक्त असल्यामुळे बोटीचे सामान तुलनेने स्वस्त मिळते. म्हणूनच जगभरच्या जुन्या बोटी इथे येऊन थांबतात आणि विक्रीला निघतात.

आमचा खर्च सांगते. मरीनात बोट लावली तर महिन्याला १५ ते २० हजार रुपये होतात. बेटांच्या आडोशाला नांगर टाकून राहिलो तर काहीच लागत नाही, म्हणून आम्ही निम्म्याहून जास्त काळ नांगरावर असतो. दोघांचे जेवणखाण, गॅस आणि फोन मिळून ३० हजारांच्या आसपास जातात. डिझेल फारसे लागत नाही, इंजिन तासाला दोन-अडीच लिटर खाते आणि ते रोज चालवावे लागत नाही. विम्याला वर्षाला ४०-५० हजार होतात, आणि बहुतेक मरीना निदान तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय बोट आत घेत नाहीत. वर्षातून एकदा बोट क्रेनने बाहेर काढून बुडावरच्या शिंपल्या व शेवाळ खरवडणे, शेवाळरोधक रंगाचे हात देणे आणि झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलणे यात दीड-दोन लाख जातात. उबदार पाण्यात हे टाळले तर बोटीचा वेग निम्म्यावर येतो. आम्ही धुळ्यात असतो त्या महिन्यांचे बोट ठेवण्याचे भाडे, दुरुस्त्यांचे सरासरी दोन-अडीच लाख आणि विमानाची तिकिटे धरली म्हणजे सगळे मिळून महिन्याला ९० हजार ते १ लाख पडतात. यात धुळ्याच्या घराचा खर्च नाही. भाऊ, आपल्या आकड्यांत हे ओढूनताणून बसते, आणि ज्या वर्षी इंजिन किंवा तारा बदलाव्या लागतील त्या वर्षी बसणार नाही. म्हणून ३५ लाखांतले २० लाखच बोटीवर घालावेत, उरलेले हात न लावता ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या बाबतीत खानदेशचा माणूस तयारच असतो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावांतून आपण आलेलो आहोत, भांडी विसळलेले पाणी कशाला वापरावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमच्या टाक्या ३०० लिटरच्या आहेत आणि दोघांना त्या दहा-बारा दिवस पुरतात. आंघोळ समुद्राच्या पाण्याने करायची आणि शेवटी दोन-तीन लिटर गोडे पाणी अंगावर घ्यायचे, असा क्रम आहे. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र मिळते, पण त्याला ५० ते ६० बार इतका दाब लागतो, ते महाग असते आणि न वापरता पडून राहिले तर बिघडते, म्हणून आम्ही घेतले नाही.

विजेसाठी छपरावर ४०० वॉटची सौर तावदाने आणि १२ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या आहेत. सर्वांत जास्त वीज फ्रीज खातो. वातानुकूलन यंत्र नांगरावर चालवण्याचा विचारच करू नये. जळगावच्या उन्हाळ्यात आपल्याला तारणारा कूलर इथे निरुपयोगी आहे, कारण हवेतच एवढी आर्द्रता असते की पाणी वाफ होऊन हवा गार होत नाही. वारा खेळता ठेवणारी खिडकी आणि लहान पंखा, यांवर भागवावे लागते.

स्वयंपाकाची शेगडी बोटीबरोबर न कलता सरळ राहील अशी टांगलेली असते, आणि प्रवासात प्रेशर कुकर सर्वांत उपयोगी, कारण त्याचे झाकण बंद असते आणि काही सांडत नाही. गॅसबद्दल मात्र अतिशय जपावे. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर खिडकीतून बाहेर न जाता बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. सिलिंडर नेहमी बाहेरच्या, तळाला समुद्राकडे भोक असलेल्या कप्प्यात असला पाहिजे आणि स्वयंपाक आटोपला की व्हॉल्व्ह तिथेच बंद केला पाहिजे. बिबड्या, कुरडया, वड्या मी घरून आणते; हवाबंद डब्यात त्या टिकतात, पण कळण्याचे पीठ दमट हवेत लवकर जाळे धरते, म्हणून थोडेच आणावे.

आता ताईंच्या गुडघ्यांबद्दल. मला विचाराल तर निर्णय पैशांवर होणार नाही, यावर होईल. केबिनमध्ये उतरायला चार-पाच पायऱ्यांची जवळजवळ उभी शिडी असते आणि दिवसातून ती कितीतरी वेळा चढावी-उतरावी लागते. रबरी होडीतून बोटीवर चढताना एक पाय हलत्या होडीत आणि दुसरा वर, अशा स्थितीत सगळा भार क्षणभर एका गुडघ्यावर येतो. मागच्या बाजूला पाण्यालगत पायरी असलेली बोट घेतल्यास हे पुष्कळ सोपे होते. जुन्या बोटींत ती क्वचितच असते, १९९०च्या दशकापासूनच्या बोटींत सर्रास आढळते. थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी तीच पाहावी.

आणखी एक अडचण, जिच्याविषयी कोणी आधी बोलत नाही. भारतीय पारपत्रावर मलेशियात सध्या एका वेळी ३० दिवस राहता येते, थायलंडमध्येही ठरावीकच दिवस मिळतात, आणि हे नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे आम्ही लंकावी आणि फुकेत यांमधले १२०-१३० सागरी मैल ये-जा करीत राहतो. प्रत्येक वेळी बंदर अधिकारी, सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणी अशी तीन ठिकाणी कागदपत्रे दाखवावी लागतात. आळस केला तर दंड होतो. बोट ही आपली असली तरी आपण तिथे पाहुणेच असतो.

केळीबाग, रावेर

सगळ्यांचे वाचले. माझे मत वेगळे आहे आणि ते थोडक्यात सांगतो. ३५ लाख बँकेत ठेवावेत, त्याच्या व्याजातून दर हिवाळ्यात महिनाभर बोट भाड्याने घ्यावी, चालवायला तांडेलही घ्यावा आणि इम्पेलर तुटला तर मालकाला फोन करावा. हौस भागेल आणि मुद्दल जागेवर राहील. स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन वर्षातले दहा महिने झाकून ठेवणारे शेतकरी आमच्या शिवारात कमी नाहीत.

पांझरामाय, धुळे (सध्या लंकावी)

केळीबाग दादा, महिनाभरच जायचे असेल तर आपला सल्ला बरोबर आहे. परंतु भाड्याची बोट आठवड्याच्या हिशेबाने मिळते, आणि हंगामात ३५ फुटी बोटीचा तांडेलासह आठवडा दोन-अडीच लाखांखाली जात नाही. चार आठवडे घेतले तर आमच्या इथल्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास रक्कम होते, आणि ३५ लाखांचे वर्षाचे व्याज त्याला पुरत नाही. सहा-सात महिने राहणाऱ्याला हे परवडत नाही.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. सौभाग्यवतीने सगळे उतारे दोनदा वाचले. घर विकायचे नाही आणि बोट भारतात आणायची नाही, हे आमचे आता ठरले आहे. पांझरामाय ताई, आपण दिलेल्या आकड्यांनुसार आमचा मासिक खर्च उत्पन्नाच्या बाहेर जातो, तेव्हा चार महिनेच राहून बोट उरलेला काळ जमिनीवर काढून ठेवली तर फरक पडतो का? आणि इंजिनरूम नाना, शिक्षण नेमके कोणते घ्यावे व जुनी बोट तपासून घेण्याची रीत काय, हे सांगाल का?

पांझरामाय, धुळे (सध्या लंकावी)

फरक पडतो. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचे भाडे मरीनापेक्षा सहसा कमी असते आणि बुडाचा रंगही त्या काळात झिजत नाही. मात्र जेवणखाण सोडले तर विमा, रंगकाम आणि दुरुस्त्या चार महिन्यांना जवळपास तेवढ्याच येतात, म्हणून बचत अपेक्षेपेक्षा कमी, वर्षाला दोन-तीन लाखांच्या आसपास धरावी. बंद बोटीत गाद्या उभ्या करून ठेवाव्यात, सगळे कप्पे उघडे ठेवावेत आणि शौचालयाच्या नळ्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात. समुद्राचे पाणी आणि मूत्र यांमुळे नळीच्या आत चुनखडीसारखा कठीण थर धरतो आणि परतल्यावर पहिले काम नळी काढून आपटण्याचे होऊन बसते. ते काम कोणी करायचे, हे उभयतांनी आधीच ठरवून ठेवावे.

इंजिनरूम, भुसावळ

ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे अभ्यासक्रम सर्वत्र मानले जातात. कॉम्पिटंट क्रू हा बोटीवर हाताखाली काम करायला शिकवणारा ५ दिवसांचा अभ्यासक्रम दोघांनीही करावा. एकानेच शिकून भागत नाही, कारण तोच आजारी पडला किंवा पाण्यात पडला तर बोट परत वळवणार कोण? त्यानंतर आपण डे स्किपर, म्हणजे दिवसा स्वतः बोट नेण्याचा अभ्यासक्रम, करावा. त्याचा लेखी भाग सुमारे ४० तासांचा आहे आणि प्रात्यक्षिक ५ दिवसांचे. प्रात्यक्षिकाला जाण्यापूर्वी ५ दिवस बोटीवर काढलेले, १०० सागरी मैल झालेले आणि ४ तास रात्रीचे असावेत अशी अपेक्षा असते. बोटीवरून बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओचा परवानाही बरोबरच काढावा.

बोट पसंत पडल्यावर अनामत देण्यापूर्वी करारात ‘तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाल्यास’ हे कलम लिहून घ्यावे. सर्व्हेयर आपण स्वतः नेमावा, विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या ओळखीचा नको. बोट पाण्याबाहेर काढून बुडात ओल किती मुरली आहे हे तो यंत्राने मोजतो, लाकडी हातोडीने टकटक करून आवाज बदलतो का पाहतो आणि कीलचे बोल्ट व बुडातले सगळे कॉक तपासतो. त्याचे शुल्क आणि क्रेनचे भाडे आपल्याला पडते, पण त्याने काढलेल्या दोषांवर किंमत कमी करून घेता येते. डोलकाठीच्या तारा मात्र आपणही पाहाव्यात. तार जिथे टोकाच्या नळकांड्यात शिरते, तिथे सुती कापड हलकेच फिरवावे. धागा अडकला तर तारेचा एखादा पेड तुटलेला आहे असे समजावे आणि सर्व तारा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढचे बोलावे. चाचणीच्या दिवशी इंजिन आपण पोहोचण्यापूर्वी सुरू करून ठेवू नये, असे विकणाऱ्याला आदल्या दिवशीच कळवावे, कारण गार इंजिन किती वेळात आणि कोणत्या रंगाचा धूर सोडत सुरू होते, हे तापलेल्या इंजिनावर कळत नाही.